सारखी वागणूक म्हणजे काय?



गुरुजींनी सर्वांना सारखे वागवावे, असे सगळेच म्हणतात. पण सारखे म्हणजे काय? मला वाटते, सर्वांना एकाच मापाने मोजणे म्हणजे सारखे नव्हे. ज्याला जे कमी पडते ते त्याला देणे आणि कोणालाही हलके न समजणे, ही सारखी वागणूक.

आमच्या वर्गात ज्याला फळ्यावरचे नीट दिसत नाही तो पहिल्या ओळीत बसतो. काही मुले मायबापासंगं ऊसतोडीला जातात अन् उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांना गुरुजी मधल्या सुट्टीत मागचे धडे पुन्हा शिकवतात. कोणी म्हणतं, "त्याहीचेच लाड काऊन?" मी म्हणतो, हे लाड नव्हेत. त्यांचा अभ्यास बुडाला, आपला नाही बुडाला. घरी आईसुद्धा आजारी लेकराला पेज देते अन् आपल्याला भाकर देते. म्हणून तिची माया कमीजास्त होते का?

कामाचेही तसेच आहे. पुष्कळ ठिकाणी मुली झाडतात आणि मुले घंटा वाजवतात. हे बरोबर नाही. आमच्या वर्गात हजेरीच्या नंबराप्रमाणे पाळी असते. झाडू, पाणी, फळा, घंटा, सगळे सर्वांच्या वाट्याला येते. झाडू धरल्याने मुलांचे हात झिजत नाहीत. अन् मुलीने टोला दिला तरी घंटा तेवढीच मोठी वाजते.

ही गोष्ट काही आजची नाही. सन १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांनी महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने चौदा वर्षांची असताना आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. तिला वर्गात जागाच मिळाली नसती, तर तो निबंध कोणी लिहिला असता? शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आता तर ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

पण पालकांनो, एक गोष्ट गुरुजींच्या हातात नाही. सहावी-सातवीतल्या ताया कापूस वेचायच्या दिवसांत घरी राहतात. कोणी लहान भावाला सांभाळते. मग एक दिवस घरचे म्हणतात, "पोरीले जास्त शिकवून काय करायचं?" वर्गात कितीही न्याय असला तरी जी वर्गात नाही तिला त्याचा काय उपयोग? दादाला मात्र कोणी असे म्हणत नाही.

जिजाऊ आपल्याच सिंदखेड राजा तालुक्यातल्या. १२ जानेवारीला आपण त्यांची जयंती करतो, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची करतो. फोटोला हार घालतो, भाषणे करतो. अन् दुसऱ्या दिवशी ताईला घरी ठेवतो. हे मला पटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. घरची कामे भाऊ-बहिणीने वाटून घ्यावीत, म्हणजे दोघांचाही अभ्यास होईल. वेचणीसाठी ताईची शाळा बुडवू नये. आणि कोणी मागे पडला तर त्याला हसू नये, शेजारी बसवून घ्यावे. आजी म्हणते, पाची बोटं सारखी नसतात. खरे आहे. पण घास उचलताना ती सगळी एकत्र येतात.

तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून द्या.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी, दुसरबीड