कब्रस्तानची भिंत मागितली, खाडीचं काय?

मागच्या निवडणुकीआधी आमच्या गावात एक उमेदवार आले होते. जमातखान्यात बैठक झाली, चहा-बिस्किटं फिरली आणि नेहमीचा प्रश्न आला, "समाजाला काय हवंय?" यादी तयारच होती. कब्रस्तानला संरक्षक भिंत, ईदगाहकडे जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण, शादीखान्यावर नवे पत्रे. उमेदवारांच्या माणसाने डायरीत लिहून घेतलं आणि दहा मिनिटांत सगळं आटोपलं. माझे चाचा मागच्या भिंतीला टेकून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी होडी चालवली आहे. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "मेल्यावर ऱ्हायची सोय झाली. खाडीचं नाव कोणी काढलंन नाय."

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीवर, दाभोळ आणि चिपळूणच्या मधे. गावाला जेट्टी आहे. भरतीला होडी जेट्टीला लागते. ओहोटीला जेट्टीसमोर नुसता चिखल. होड्या तेव्हा लांब पाण्यात उभ्या राहतात, पुन्हा पाणी चढेपर्यंत. तेवढ्यात बर्फ वितळतो, मासळीचा भाव उतरतो. घाई असेल तर माणसं गुडघाभर चिखलातून टोपल्या डोक्यावर घेऊन येतात. त्यात आमच्या मोहल्ल्यातले असतात, भोईवाडीतले असतात, खारवी असतात. चिखल सगळ्यांच्या पायाला सारखाच लागतो.

ही खाडी कधीकाळी काय होती ते आपल्याला तोंडपाठ आहे. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. घोडे यायचे, कापड जायचं, हाजींची जहाजं निघायची. किनाऱ्यावरची आदिलशाही मशीद पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. आत चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत भरतीच्या पाण्यावर गलबतं चढायची आणि तिथून माल कुंभार्ली घाटाने वर जायचा. लग्नात, गेट-टुगेदरमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याच पाण्याची आज खोली किती, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

पैसा नाही म्हणून असं झालंय का? बंदरांवर आणि जलमार्गांवर इतका सरकारी पैसा याआधी क्वचितच ठरला असेल. २०१५ पासून केंद्राचा सागरमाला कार्यक्रम आहे. २०२० मध्ये मत्स्य संपदा योजना आली, केंद्र, राज्य आणि लाभार्थी मिळून २०,०५० कोटींची. मासेमारी बंदरं आणि मासळी उतरवण्याची केंद्रं तिच्यात बसतात. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च ७६,२२० कोटी. २०१६ च्या कायद्याने देशातले राष्ट्रीय जलमार्ग पाचावरून १११ झाले. आमची खाडी त्यात आहे: राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८, दाभोळ खाडी–वाशिष्ठी नदी, लांबी ४५ किलोमीटर. हे मलाही दोन वर्षांपूर्वीच कळलं. ज्या चिखलात लहानपणी खेकडे पकडले तो राष्ट्रीय जलमार्ग आहे म्हणे. चाचांना सांगितलं तर ते इतके हसले की खोकला लागला.

कागदावरचा जलमार्ग आणि चालता जलमार्ग यांत फरक कशाने पडतो, हे रायगडमध्ये दिसतं. अंबा नदी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०. धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे बार्ज जातात, म्हणून ते पाणी जिवंत आहे. तिथे खोलीची गरज असलेला एक बलाढ्य गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक आहेत दोन-तीन सिलिंडरच्या होड्या. त्यांना वीस मीटर खोली नको, दीड-दोन मीटर पाणी ओहोटीलाही मिळालं तरी पुरे. पण इतकी छोटी मागणी मांडायला कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

आणि उघडलं तर नक्की कुणापुढे? खाडी एक, पण दारं अनेक. राष्ट्रीय जलमार्ग केंद्राच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे. राज्यातली ४८ लहान बंदरं आणि प्रवासी जेट्ट्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. मासळी उतरवायची बंदरं मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीत. पुराच्या कारणाने नदीतला गाळ काढायचा तर जलसंपदा. त्या गाळात रेती निघाली की महसूल. मी एका कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारलं: आमच्या जेट्टीसमोर खोलीचं शेवटचं मोजमाप कधी झालं, त्याचा नकाशा द्या. उत्तर आलं की विषय दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित असल्याने अर्ज तिकडे वर्ग केला आहे. त्या दुसऱ्याने तो पहिल्याकडे परत पाठवला. दहा रुपयांत माझ्या अर्जाने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला.

गाळ ही एकदा काढून मोकळं होण्यासारखी गोष्ट नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पावसाळ्यात वाशिष्ठी सह्याद्रीची माती घेऊन उतरते. कोयनेच्या वीजघरांतून बाहेर पडलेलं पाणी तिच्यात येतं. खालून भरती उलटी चढते. नदीचं आणि समुद्राचं पाणी जिथे एकमेकांना अडवतं तिथे वेग मरतो आणि माती तळाला बसते. त्यात जेट्टी खांबांवर न बांधता भरीव बांधली असेल तर तिच्या आडोशाला गाळ आणखी साचतो. म्हणजे जेट्टी बांधणं हे अर्धं काम. तिच्यासमोरचं पाणी राखणं हे दर एक-दोन वर्षांनी करायचं उरलेलं अर्धं. पहिल्या अर्ध्याला नारळ फुटतो, संगमरवरी पाटी लागते. दुसऱ्याचा फोटो काय काढणार, पाण्याखालचं काम. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथेही नवीन फीचरला टाळ्या असतात आणि जुना कोड सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण तिथे निदान सिस्टिम पडली की रात्री दोनला फोन येतो. जेट्टीसमोर गाळ भरला तर कुणालाच फोन जात नाही.

पाण्याखालच्या कामाचा हिशेबही पाण्याखाली जाऊ शकतो. गाळ काढण्याचं बिल घनमीटरवर होतं. काम सुरू होण्याआधी तळाचा सर्व्हे, संपल्यावर पुन्हा सर्व्हे. दोन्हींतला फरक म्हणजे निघालेला गाळ. रस्त्याला खड्डा पडला की पोरगंसुद्धा ओळखतं. इथे हे दोन नकाशे हातात नसतील तर काहीच ओळखता येत नाही. आणखी एक विचारायचं असतं: काढलेला गाळ टाकला कुठे? काठावरच ढीग लावला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत आत.

लोक बोलले तर काम होतं का? चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला अख्खं शहर बुडालं. त्यानंतर चिपळूणकर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले, आणि सरकारला यंत्रं नदीत उतरवावी लागली. काम पुरेसं झालं की नाही यावर आजही वाद घालता येईल. पण मागणी एका समाजाची नव्हती. पुराचं पाणी दुकानाच्या पाट्या वाचून आत शिरलं नव्हतं.

आता मिरकरवाड्याबद्दल, कारण ते टाळून हा विषय पुरा होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली बांधकामं पाडली गेली. बंदराच्या दुसऱ्या टप्प्यासाठी जागा मोकळी करायची, हे कारण दिलं गेलं. आपल्या सगळ्या ग्रुपवर जेसीबीचे व्हिडिओ फिरले. कुणी म्हणालं जुलूम आहे, कुणी म्हणालं अतिक्रमण होतंच. पाडकामाभोवती जी भाषा वापरली गेली तिने मलाही त्रास झाला, आणि तो बोलून दाखवायला हवाच होता. पण चार दिवसांनी व्हिडिओ थांबले आणि आपणही थांबलो. मोकळ्या झालेल्या जागेवर काय उभं राहणार, जाळी विणायच्या शेड कुणाला मिळणार, लिलावाची जागा कुठे, मासळी विकणाऱ्या बायका कुठे बसणार? त्या टप्प्याचा आराखडा आपल्यापैकी किती जणांनी मागवला? मी नाही मागवला. मी व्हिडिओ फॉरवर्ड केला.

सरकारी पैशाकडे आपण फक्त दोन प्रसंगी पाहतो, असं मला वाटू लागलंय: आपल्याला वेगळं काढून काही दिलं जातं तेव्हा, किंवा वेगळं काढून काही हिरावलं जातं तेव्हा. मधला जो प्रचंड मोठा पैसा सगळ्यांचा म्हणून खर्च होतो, त्याच्या बैठकीत आपण नसतो. कब्रस्तानची भिंत मागू नये असं मी म्हणत नाही. आमच्याकडे डुकरं शिरतात, भिंत हवीच. पण भिंत मागायला आपण एकटे जातो. खाडी मागायला गेलो तर भोईवाडीही सोबत येईल, आणि उमेदवाराच्या डायरीत "मुस्लिम समाज" या मथळ्याखाली ती मागणी मावणार नाही.

एक सावधगिरी. बंदर सुधारणा म्हटली की डोळे मिटून हो म्हणू नये. वाढवणला विरोध करणारे मच्छीमार वेडे नाहीत. मोठ्या बंदराच्या भरावाखाली मासेमारीची जागा जाते. आमच्या खाडीत तर लोटे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने मासे मरण्याचा जुना इतिहास आहे. तळाचा गाळ ढवळण्याआधी त्यात काय आहे ते तपासायला हवं. कांदळवनालाही धक्का लागता कामा नये. म्हणून तर आराखडा आधी पाहायचा, आणि पाहून प्रश्न विचारायचे. मच्छीमार सोसायटीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, मग जिल्हा नियोजन समितीकडे आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे पत्र, हा रस्ता कंटाळवाणा आहे. पण आपल्यातल्या इंजिनिअर, वकील, अकाउंटंट पोरांना तो काही अवघड नाही. आम्ही सुरुवात अगदी साधी ठरवली आहे.

रमजान ईद येते ती अमावास्या उलटून एक-दोन दिवस झाल्यावर, म्हणजे ऐन उधाणात. त्या दिवसांत भरती सगळ्यात वर आणि ओहोटी सगळ्यात खाली. ईदची नमाज पढून बाहेर आलं की खाडी पार उघडी पडलेली असते, हे लहानपणापासून पाहत आलोय. त्याचा उपयोग कधी सुचला नव्हता. बकरीद चांदच्या दहा तारखेला, भांगाच्या सुमारास, तेव्हा पाणी इतकं ओसरत नाही. म्हणून येत्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीला, चाचांच्या होडीतून जेट्टीपासून मुख्य प्रवाहापर्यंत दर वीस पावलांवर खोली मोजायची आहे. मीटरच्या खुणा केलेला बांबू, मोबाइलमधलं जीपीएस आणि एक वही. भोईवाडीतले दोघं येणार आहेत, त्यातला एक डिप्लोमा सिव्हिल आहे. आकडे नकाशावर मांडून अर्जासोबत जोडायचे, म्हणजे निदान "माहिती उपलब्ध नाही" हे उत्तर देता येणार नाही. कुणाला आपल्या खाडीवर हेच करायचं असेल तर वहीचा नमुना देतो. जुने कपडे घाला. चिखल निघत नाही.