'जंगलात सोडा' म्हणजे नक्की कुठे?

मी मूळचा जुन्नरचा, हे ऑफिसात कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे बिबटे ना? मग पकडून जंगलात का सोडत नाहीत?" चहाचा कप संपायच्या आत मंडळी प्रॉब्लेम सॉल्व्ह करून मोकळी!

आता गंमत बघा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे वर्षभराचा आडोसा. आत गारवा, बाहेर वस्तीवरची कुत्री, शेळ्या, कोंबड्या. मादी तिथेच विते, म्हणून तर ऊसतोडीत पिल्लं सापडतात. त्या पिल्लांनी जंगल बघितलेलंच नाही. त्यांना 'परत' पाठवायचं म्हणजे कुठे?

बरं, हा प्रयोगही करून झालाय. २००१ नंतर जुन्नर भागातले बरेच बिबटे पकडून लांब सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. जिथे बिबटे सोडले, त्याच जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले होते! २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या 'आजोबा'ला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर गडी शंभराहून जास्त किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. आपण सोडतो ती जागा तो आपलं घर मानेलच असं नाही.

पण म्हणून "सहजीवन" वगैरे गोड शब्द पुण्यातल्या फ्लॅटमधून फेकणंही मला पटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात दोन मुलं आणि एक आजी गेल्या. त्या घरांना सहजीवन कुठल्या तोंडाने शिकवणार? माणसावर हल्ले करणारा बिबट्या हटवलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की एक हटवल्याने ऊस हटत नाही. रिकाम्या जागेत दुसरा येतो.

मग करायचं काय? जी कामं आहेत ती अगदी बिनग्लॅमरची आहेत. घराला लागून ऊस नको, मध्ये मोकळं रान ठेवा. गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. अंगणात दिवा हवा. संध्याकाळनंतर पोरं एकटी बाहेर नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेतीला वीज दिवसा हवी. रात्रीची लाईट असली की माणूस अंधारात, एकटा, वाकून उसाला पाणी देत बसतो. बिबट्याच्या फिरण्याची वेळ नेमकी तीच.

घर ज्याचं त्याला प्यारं, बिबट्याचंही आणि शेतकऱ्याचंही. पण बिबट्याला वेळापत्रक बदलायला सांगता येत नाही. वीज कंपनीला येतं ना राव! तेवढं तरी सांगूया.