भिंतीवरचे प्रमाणपत्र

ढाणकीसारख्या गावात बारावी झालेल्या मुलाला संगणकावरचे पहिले काम कुठे मिळते? पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्हे. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, फार तर उमरखेडला एखाद्या वकिलाकडे किंवा छापखान्यात. तिथे पहिला प्रश्न एकच : मराठी टायपिंग येते का?

इथेच उर्दू माध्यमाची मुले अडतात. मग आपलेच लोक म्हणतात, उर्दूने घात केला. आम्हांला हे साफ अमान्य आहे. उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात रोजच्या सरावाने देवनागरी कळफलकही शिकतो. त्याला शिकवतो कोण?

एमएस-सीआयटी आला आणि प्रमाणपत्र म्हणजेच नोकरी, असे समाजाने ठरवून टाकले. पण शासनाच्या लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द टंकता यावे लागतात. ते भिंतीवरच्या चौकटीतून येत नाहीत.

मुलींचे तर विचारूच नका. नांदेडला पाठवायचे नाही, गावात शिकवायचे नाही, आणि वर विचारायचे, "शिकून काय फायदा?"

दरवर्षी गुणवंतांच्या सत्काराला मंडप, शाली, हार यांवर पैसा उडतो. त्याच पैशात दोन संगणक घ्या, संध्याकाळी मराठी टंकलेखनाचा वर्ग चालवा. उर्दू आणि मराठी, दोन्ही लिपींत लग्नपत्रिका जुळवणारे पोर कोणता छापखाना परत पाठवील? उर्दू सोडायची नाही. मराठीला टाळायचे नाही. सत्कार नको, कळफलक द्या!