हुकलेल्या धडकेची गोष्ट

दोन गाड्या समोरासमोर येऊन एकमेकींना न शिवता निघून गेल्या, तर त्याची बातमी होत नाही. पदार्थविज्ञानात मात्र अशा हुकलेल्या धडकेलाच मोल आले आहे. जिनिव्हानजीक, फ्रान्स व स्वित्झर्लंड यांच्या भूमीखाली, सर्न या संस्थेचे २७ किलोमीटर परिघाचे वर्तुळाकार यंत्र आहे. २०१० सालापासून तेथे शिशाचे अणुगर्भ जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने परस्परांवर सोडण्यात येऊ लागले. पुष्कळदा ते शेजारून निसटतात. आणि तरीही काही घडते.

शिशाच्या अणुगर्भात ८२ प्रोटॉन असतात. एवढा विद्युत्भार इतक्या वेगाने धावू लागला, म्हणजे त्याचे क्षेत्र शेजाऱ्याला प्रकाशाच्या झोतासारखे भासते. ही कल्पना एन्रिको फर्मीने १९२४ सालीच मांडली होती. झोताची प्रखरता भाराच्या वर्गाने वाढते. एका प्रोटॉनच्या मानाने ती ६७२४ पट होते. त्यातील एखादा प्रकाशकण क्षणभर क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या जोडीचे रूप घेतो, समोरच्या अणुगर्भातील ग्लुऑनांना ओझरता स्पर्श करतो आणि मेसॉन होऊन बाहेर पडतो. ('मेसॉन' हे सुटसुटीत नाव रूढ व्हावे, असा आग्रह १९३९ साली आपल्या होमी भाभांनी धरला होता, हे येथे नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.)

खऱ्या टकरीत हजारो कण उधळतात. येथे १९७४ साली सापडलेला, प्रोटॉनच्या तिपटीहून जड असा जे-साय मेसॉन जन्मतो, तत्क्षणी फुटतो, आणि एरवी निवांत असलेल्या यंत्रात म्युऑनांच्या दोनच रेघा उमटतात. त्या टिपणाऱ्या 'ॲलिस' प्रयोगातील 'मानस' नावाच्या चिप्स कोलकात्याच्या साहा संस्थेत आखल्या गेल्या आणि चंदीगडला घडविल्या गेल्या.

हा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. आपल्या देहाच्या वजनाचा फार थोडा भाग क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानातून येतो. उरलेला सारा त्यांच्या गतीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या ऊर्जेतून. मग शिशाच्या अणुगर्भात हे ग्लुऑन किती? 'ॲलिस'ने २०१२ साली पहिले उत्तर दिले. २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटे धरून बेरीज केली, तर जितके जे-साय मिळावयास हवे होते, त्याहून कमी मिळाले. एकत्र कुटुंबात माणसागणिक चूल नसते, तसेच काहीसे हे दिसते. ग्लुऑन दाटीमुळे परस्परांत मिसळून जातात, की एकमेकांच्या छायेत झाकले जातात, यावर तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत, प्रकाशकणाची ऊर्जा वाढत गेली तशी ही तूटही वाढत गेलेली आढळली.