निंटेंडो, तिचे प्रतिस्पर्धी आणि नव्या पेठेतली कॅसेट

निंटेंडो हे नाव मी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचले तेव्हा प्राध्यापकीची चार-पाच वर्षे उलटून गेली होती. मारिओला मात्र मी शाळेत असल्यापासून ओळखत होतो. नव्वदच्या दशकात नव्या पेठेतून आणलेले एक करड्या रंगाचे यंत्र आमच्या शेजारच्या घरी होते. त्याला आम्ही नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत असू. कॅसेट बसवायची, चित्र उमटले नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा त्याचा विधी. कॅसेटवर '९९९९९९ इन वन' असे छापलेले असे. आत खेळ मोजून दहा-बारा, तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येणारे. यंत्रावर कर्त्याचे नाव नव्हते. क्योटोच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या 'फॅमिकॉम' या कन्सोलची ती नक्कल होती, हे मला फार उशिरा कळले.

या कंपनीविषयी अलीकडे जे काही वाचायला मिळते त्यात सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याशी तिची स्पर्धा, कोणाचे यंत्र किती वेगवान, कोणी किती विकले, याचीच चर्चा असते. ती चर्चा मला अपुरी वाटते. निंटेंडोपुढचे सर्वांत अवघड आव्हान या दोघांपैकी कोणाचेही नसून, तिने ज्याला कधी ग्राहक मानलेच नाही अशा आमच्यासारख्या खेळाडूचे आहे, असे माझे मत आहे.

अर्थात प्रतिस्पर्ध्यांचा इतिहास रंजक आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तो जरूर वाचावा, कारण तो यंत्रांइतकाच लेखकांचाही इतिहास आहे. १९८९ मध्ये पन्नाशी-साठीतल्या एखाद्या संपादकाने चालवावे तशा करारीपणाने ही कंपनी चालत होती. दुसऱ्या कोणी तिच्या यंत्रासाठी खेळ रचला तरी त्याची कॅसेट निंटेंडोच बनवणार. अमेरिकेत तर एका निर्मात्याने वर्षाला किती खेळ काढावेत यावरही मर्यादा होती. सोनीबरोबर सीडीवर चालणाऱ्या यंत्राची बोलणी झाली होती. १९९१ मध्ये निंटेंडोने ऐनवेळी फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. दुखावलेल्या सोनीने १९९४ मध्ये स्वतःचे 'प्लेस्टेशन' आणले. १९९६ च्या 'निंटेंडो ६४' मध्ये कंपनीने कॅसेटचाच आग्रह धरला आणि 'फायनल फँटसी' ही प्रदीर्घ कथामाला रचणारी स्क्वेअर ही संस्था सोनीकडे निघून गेली. तिचा सातवा भाग तीन सीडींवर पसरलेला होता. कॅसेटमध्ये तो मावलाच नसता. प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर गेले, निंटेंडो ६४ सुमारे तीन कोटी तीस लाखांवर थांबले. लेखक दुरावले की नियतकालिकाचे काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

सेगाचे तर याहून वाईट झाले. एकेकाळची ही तुल्यबळ कंपनी २००१ मध्ये यंत्रनिर्मितीतून बाहेर पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा मानबिंदू असलेला सॉनिक चक्क निंटेंडोच्या यंत्रावर धावू लागला.

निंटेंडो टिकली, याचे श्रेय तिच्या एका जुन्या अभियंत्याच्या, गुनपेई योकोई यांच्या दृष्टीला दिले जाते. जुने, स्वस्त, सरावाचे तंत्र घ्यावे आणि त्याचा अनपेक्षित उपयोग करावा, हा त्यांचा मार्ग. १९८९ चा 'गेम बॉय' रंगहीन पडद्यासह आला आणि रंगीत पडद्याच्या प्रतिस्पर्ध्यांना पुरून उरला. २००६ चे 'वी' ताकदीने दुबळे होते, पण हात हलवून खेळता येत असल्याने दहा कोटींहून अधिक विकले गेले. पुढच्या 'वी यू'ला मात्र १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच समाधान मानावे लागले. मग २०१७ चे 'स्विच' पंधरा कोटींच्या पुढे गेले. म्हणजे ही कंपनी कधी तळाला तर कधी शिखरावर. मधली पायरी तिला ठाऊक नसावी.

गंमत अशी, की आता प्रतिस्पर्धीच स्पर्धेचे नियम बदलू लागले आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून स्वतःचे काही खेळ इतरांच्या यंत्रांवर द्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये 'गिअर्स ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर आला. कथा एकीकडे आणि रंगमंच दुसरीकडे, अशी फारकत होत आहे. नट, नाटक, पडदे आणि पेट्या सगळे आपल्याच मालकीचे ठेवून गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या संगीत नाटक मंडळीसारखी निंटेंडो तेवढी उरली आहे. मारिओ पाहायचा तर तिच्याच मांडवात यायचे.

मांडवात येणाऱ्यांचे ठीक आहे. पण मांडव आमच्या गावी आलाच नाही. २०१७ चे स्विचसुद्धा भारतात अधिकृतपणे विक्रीला आणले गेले नव्हते. ज्यांना हवे त्यांनी ते आडमार्गाने, चढ्या भावाने आणि हमीपत्राविना घेतले. त्याच सुमारास स्वस्त इंटरनेटमुळे माझ्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात खेळायचे यंत्र आले, आणि तो 'पब्जी'कडे वळला. त्याला मारिओ सोडावा लागला नाही, कारण त्याच्या हाती तो कधी आलाच नव्हता.

नकलेचे समर्थन मी करतो आहे, असा आक्षेप येईल. सोलापुरात राहून तसे करणे मला परवडणारे नाही. परगावी विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून खपवली जाते ही आमच्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळूनही ती संपलेली नाही. त्यात विणकराचे पोट बुडते. पण तेथे खरी चादर त्याच बाजारात, शेजारच्या दुकानात मिळते. गिऱ्हाईक पारख करू शकते. नव्या पेठेत खरा फॅमिकॉम कोणत्या दुकानात होता? नकलेला हरवायचे तर मूळ वस्तू आधी बाजारात यावी लागते.

आता तर जुन्या खेळांची मूळ वस्तू तिच्या स्वतःच्या बाजारातूनही नाहीशी होत आहे. मार्च २०२३ मध्ये निंटेंडोने 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' या यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्री बंद केली. त्याच वर्षी अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या अभ्यासात असे आढळले, की त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज विकत मिळत नाहीत. काही जुने खेळ निंटेंडो वर्गणीवर खेळू देते, पण वर्गणी संपली की ग्रंथालयाचे दार बंद. दुसरीकडे स्विचचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या 'युझु'च्या कर्त्यांवर तिने दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड झाली. नव्या खेळाच्या चोरीबाबत कंपनीचा राग मला समजतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या संहितेवरही तेवढाच कडक पहारा मला समजत नाही.

पाठचिकित्सा शिकवताना आपण सांगतो, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती उपलब्ध प्रतींवरून. प्रतींत चुका होत्या, भर होती, अपपाठ होते. पण त्या होत्या म्हणून शुद्धीला विषय होता. आमची 'इन वन' कॅसेट ही अशीच एक भ्रष्ट प्रत. नाव पुसलेली, पहिले पान फाटलेली. सोलापूरच्या एका अख्ख्या पिढीने मारिओ वाचला तो तिच्यावर.

या साऱ्यात एक प्रसंग मला विसरता येत नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ रचला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली एक डोंबारी खेळ करणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग, मधूनमधून छायाबाहुल्यांचा पडदा. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी आला तो निंटेंडोच्या स्विचवर. इतर यंत्रांवर ऑक्टोबरात. सोलापूरपासून चार-पाच तासांच्या अंतरावर रचलेली ही कथा आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी खेळायची म्हटली, तर त्यासाठी लागणारे यंत्र आडमार्गानेच आणावे लागले असते. आमच्या वर्गातील ज्या एका विद्यार्थिनीने मला या खेळाविषयी प्रथम सांगितले, तिने तो कोणाच्या तरी यूट्यूब वाहिनीवर, दुसऱ्याला खेळताना पाहिला होता. पूर्ण पाहिला होता, शेवटासकट.