किल्लीच्या आधी पाना

गेल्या मे महिन्यात अमरावती-अकोला मार्गावर कुरणखेडजवळ पाहिलेलं अजून डोळ्यांपुढून हलत नाही. भर दुपार. कार अर्धी रस्त्यावरच. वीस-बावीस वर्षांचा पोरगा धावत्या ट्रकांकडे पाठ करून उकिडवा बसलेला. जॅकवर उचललेल्या चाकाचा नट पान्याने पिळत होता. नट हलेना, चाकच फिरे. मागच्या सीटवर आई आणि धाकटी बहीण. आम्ही थांबलो, डिकी उघडली, तर स्टेपनीत हवाच नाही. पोरगा गाडी छान चालवतो, असं आई सांगत होती. चालवतही असेल. चाक बदलायला मात्र त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

तुमच्या घरीही असं लेकरू आहे ना? मग या रविवारी सकाळी त्याला अंगणात बोलवा. लेकीलाही बोलवा. तुम्ही हात लावू नका, सगळं त्यांच्याकडून करवून घ्या. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, जॅक नंतर. जॅकखाली लाकडी फळी ठेवायची, तापलेल्या डांबरात तो रुततो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावा: पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा 1.6 मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बाद.

याच अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीज बुकात नोंद झाली. समृद्धी महामार्गावर तर कारला ताशी 120 ची मुभा. रस्ते सुधारले, वेग वाढला. आपलं 45 अंशांचं ऊन तेच आहे. हवा कमी असलेला टायर धावताना जास्त दबतो, आतून तापतो आणि फुटतो. तेव्हा गाडीत तुमचंच घर बसलेलं असतं.

म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. कूलंट पाहा. आणि एवढं पोरांकडून वदवून घ्या: इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

खरा धोका गाडी थांबल्यावर असतो. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. गाडी पूर्ण डावीकडे घ्या. चारही इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा. आई, आजी, लेकरं सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. जागा धोक्याची असेल तर चाकाला हात लावू नका, 112 फिरवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033.

गॅरेजवाल्या भावांनो, मोहल्ल्यातल्या पोरांना एक तास द्या. तुमच्याइतकं नीट कोण शिकवणार?

लगीनसराई सुरू आहे. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजूवरून भरलेल्या गाड्या रोज जात आहेत. तुमची गाडी निघायच्या आत, आजच, डिकी उघडा आणि स्टेपनीची हवा तपासा.