पटावर नाव आहे, मग अंकात का नाही?



या फळ्यापुढे उभे राहून तुम्ही नेहमी सुविचार वाचता, कोडी सोडवता, चित्रे पाहता. आज मी थोडे निराळे लिहिणार आहे. ही गोष्ट नाही, कविताही नाही. हे माझे मत आहे. कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण शेवटपर्यंत वाचावे, ही नम्र विनंती.

आपल्या शाळेत दर महिन्याला हे भित्तिपत्रक लागते. वर्ष संपताना सहावी-सातवीची मुले मिळून एक वार्षिक हस्तलिखित अंक काढतात. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, संपादकीय, लेख, कविता, सहलीचे वर्णन आणि शेवटी वर्गाचा फोटो व नावे. गुरुजी दाभण आणि जाड दोरा घेऊन तो शिवतात, मग तो कपाटात जातो. मागे एकदा कपाटात वाळवी लागली म्हणून आम्ही जुने अंक उन्हात मांडले होते. तेव्हा एका जुन्या अंकात माझ्या आईचे नाव सापडले! आईने ‘पाणी हेच जीवन’ असा लेख लिहिला होता. घरी जाऊन सांगितले तर आई म्हणाली, “अगं, मला तर आठवतसुद्धा नाही.” आईला आठवत नव्हते, पण अंकाला आठवत होते. तेव्हापासून मला वाटते, वार्षिक अंक म्हणजे नुसते सजावटीचे कागद नव्हेत. तो आपल्या वर्गाचा पुरावा आहे. यंदा या वर्गात कोण कोण होते, ते काय करत होते, हे पुढच्यांना त्यातूनच कळणार.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते.

मागच्या वर्षी मी सहावीत होते आणि माझी संपादक मंडळात निवड झाली होती. अक्षर बरे म्हणून नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी फार खूश झाले. लाल आणि निळ्या स्केचपेनने रेघा मारल्या, कोपऱ्यात वेलबुट्टी काढली. निकालाच्या दिवशी अंक टेबलावर मांडला. पालक येऊन पाने उलटत होते, आपापल्या मुलांची नावे शोधत होते. तेवढ्यात माझ्या एका मैत्रिणीची आई आली. कारखान्याचा पट्टा पडून त्यांना गावी येऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी फोटोवरून बोट फिरवले आणि मला विचारले, “पोरी, आमच्या लेकीचं नाव कुठं लिवलंय गं?”

मी अंक हातात घेतला. पहिले पान, दुसरे पान, शेवटचे पान. नाव नव्हतेच. लेख नाही, चित्र नाही, फोटोत ती नाही, आणि फोटोखाली मी स्वतः लिहिलेल्या यादीतही ती नाही. मी गप्प उभी राहिले. काकूच म्हणाल्या, “असू दे. ती नव्हतीच की इथं.” आणि मैत्रीण म्हणाली, “चल, खाऊ वाटायलेत.” मला मात्र तो खाऊ गोड लागला नाही.

“ती नव्हतीच की इथं.” हे वाक्य खरे आहे का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ती जूनपासून दिवाळीपर्यंत आमच्याच बाकावर बसत होती. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली तिने भाषण केले होते. हजेरीपटावर तिचे नाव होते. जाताना गुरुजींनी तिला शिक्षण हमी कार्डही दिले होते, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत तिला बसता यावे. सरकारी कागदावर ती आमची विद्यार्थिनी होती, पण आमच्या अंकात ती नव्हती. मग चूक कोणाची? माझी आणि आम्हा संपादक मंडळाची.

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. ती परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

आणि आपला अंक केव्हा निघतो? ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्याच दिवशी ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र सुरू केले. म्हणून त्या दिवशी आपण संपादक मंडळ निवडतो, फेब्रुवारीत लेख मागवतो, फोटो काढतो. म्हणजे नेमकी ही मुले गावात नसताना! कुणी मुद्दाम त्यांना वगळत नाही. पण आपले वेळापत्रकच असे आहे की ती आपोआप बाहेर राहतात. न ठरवता झालेली चूकसुद्धा चूकच असते.

काही जण म्हणतील, “जे हजर नाहीत त्यांचे कशाला लिहायचे? जागा कमी आहे, अंक देखणा व्हायला पाहिजे, ज्यांचे अक्षर मोत्यासारखे त्यांनीच लिहावे.” अंक देखणा व्हावा असे मलाही वाटते. पण मागच्या अंकात काय झाले ते पाहा. धारूरच्या किल्ल्याच्या सहलीवर चार लेख आले. चारही लेख “सकाळी आम्ही लवकर उठलो” इथून सुरू झाले आणि “आम्ही आनंदाने घरी परतलो” इथे संपले. चौघांपैकी एक मी. अक्षर सुंदर, पण वाचणाऱ्याला नवे काय मिळाले?

निकालानंतर मी मैत्रिणीला विचारले, “तू तिकडे काय करत होतीस?” तर तिने दप्तरातून वही काढली. गणिताचीच वही. पुढच्या पानांवर शाळेतले लसावि-मसावि, आणि मागच्या पानांवर वडिलांचा हिशेब! कोणत्या दिवशी किती मोळ्या बांधल्या, गाडी किती टन भरली, मुकादमाची उचल किती फिटली. तिची आई पहाटे तीनला उठून भाकरी करायची. आईवडील फडात गेले की ही कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायची आणि संध्याकाळी वही लिहायची. हे सारे ती अगदी सहज सांगत होती. मला वाटले, हाच तर अंकातला सर्वांत चांगला लेख झाला असता! पण आम्ही तो मागितलाच नाही. अक्षर नव्हे, विचारण्याची बुद्धी कमी पडली.

मुलांच्या लिहिण्याला किंमत नसते असे समजू नका. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती शाळकरी मुलगी होती. पण तिने स्वतःचे पाहिलेले लिहिले आणि कुणीतरी तिला जागा दिली, म्हणून आज आपण तिचे नाव घेतो. जागा दिली नसती तर?

आपले लाडके साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. रोज! दिवसभर शिकवायचे आणि वर हे लिहायचे. आपल्याला वर्षातून एकदा अंक काढायचा तर आपण कंटाळतो.

तेव्हा संपादक मंडळात जाणे म्हणजे छातीवर बिल्ला लावून मिरवणे नव्हे. ती जबाबदारी आहे. माझ्या मते ती अशी:

पहिली गोष्ट, नावे हजेरीपट समोर ठेवून लिहावीत. आठवणीने लिहू नयेत. आठवणीत फक्त आपले दोस्तच येतात, हा माझा अनुभव आहे. प्रत्येकाला विचारून त्याचे नाव नीट लिहावे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक लेखात एकवेळ चालेल, नावात चालणार नाही.

दुसरी गोष्ट, कुणाचेही टोपणनाव किंवा चेष्टेचे वाक्य त्याला न विचारता लिहू नये. ‘गंमत केली’ म्हणून आपण हसतो, पण अंक वर्षानुवर्षे राहतो. उद्या त्याची मुले ते वाचतील.

तिसरी गोष्ट, लेख स्वतःचा असावा. हल्ली मोबाइलवरून उतरवून काढतात. गाईडमधून उतरवणारे तर पहिल्यापासून आहेत. उसने पागोटे डोक्याला बसत नाही. चार ओळी असाव्यात, पण आपल्या असाव्यात. तुमच्या विहिरीचे पाणी कधी आटले, तुमची शेळी कशी व्याली, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

चौथी गोष्ट, ठरल्या दिवशी लेख द्यावा. एकाने उशीर केला की चित्र काढणारा थांबतो, शुद्धलेखन तपासणारा थांबतो, शेवटी गुरुजी रात्री जागून अंक शिवतात. गाव करील ते राव काय करील, म्हणतात. पण गावाने वेळेवर यायला पाहिजे ना!

आणि ही जबाबदारी फक्त मंडळाची नाही. “मला लिहिता येत नाही” असे सांगून मागे बसणाऱ्यांचीही आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे आणि खाली सांगणाऱ्याचे नाव घालावे, लिहिणाऱ्याचे नव्हे.

आता नुसते बोलून उपयोग नाही. मी आणि माझ्या वर्गातल्या तिघी-चौघांनी मिळून गुरुजींपुढे काही गोष्टी ठेवल्या आहेत. संपादक मंडळ जुलैमध्येच निवडावे. पत्रकार दिन आपण जरूर साजरा करू, पण काम सुरू करायला जानेवारीची वाट पाहू नये. वर्गाचा फोटो दसऱ्याच्या आधी, सगळे गावात असतानाच काढावा. पटावरच्या प्रत्येक मुलासाठी अर्धे पान राखून ठेवावे. जे फडावर जाणार आहेत त्यांनी जाण्याआधी काहीतरी लिहून किंवा चित्र काढून द्यावे. आणि जानेवारीत कुणाच्या तरी पालकांच्या मोबाइलवर फोन करून त्यांना विचारावे, “तुमच्याकडे काय चाललंय?” ते सांगतील ते आपण लिहून घ्यावे. यात खर्च कितीसा? दोन कार्डशीट जास्त लागतील, एवढेच.

गुरुजींनी आमचे ऐकून घेतले. ते म्हणाले, “सूचना चांगली आहे, पण जो सूचना करतो त्याने कामही अंगावर घ्यायचे असते.” आम्ही हो म्हटले आहे. फोन करण्याचे आणि लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वह्या सांभाळण्याचे काम माझ्या त्या मैत्रिणीने गावात असेतो करायचे कबूल केले आहे. तिने एक अटही घातली आहे. ती म्हणाली, “माझं पान शेवटी नको. मधी कुठंतरी टाक, सगळ्यांसारखं.”

पालकांनाही एक विनंती आहे. तुम्ही अंक पाहायला याल तेव्हा फक्त आपल्या मुलाचे पान उघडून परत जाऊ नका. शेजारच्या मुलाचेही वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आम्हांला सांगा, आम्ही वाचून दाखवू. आणि बाहेरगावी निघताना तुमचा फोन नंबर गुरुजींकडे ठेवून जा. काका-काकूंनो, तुम्ही दूर असलात तरी तुमचे लेकरू आमच्या वर्गातच आहे, असे आम्ही समजू.

वाचकहो, मोठ्यांनी मला विचारले की अंक चांगला झाला हे कशावरून ओळखायचे, तर मी मुखपृष्ठ दाखवणार नाही. मी हजेरीपट आणि अंक शेजारी शेजारी ठेवीन आणि एकेक नाव जुळवीन. सगळी जुळली तर अंक चांगला. एक जरी उरले तर काम बाकी आहे, असे समजावे.

येत्या निकालाच्या दिवशी काकू पुन्हा विचारतील, “लेकीचं नाव कुठंय गं?” तेव्हा मला पान उघडून बोट ठेवता आले पाहिजे. एवढीच माझी इच्छा आहे.

लिहिण्यात काही कमीजास्त झाले असल्यास लहान समजून क्षमा करावी. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली,
इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी